सूत रंगले, पण एकसारखे का नाही? : वाचकांचे प्रश्न

गांधीजींची तिथीने येणारी जयंती म्हणजे भाद्रपद वद्य द्वादशी, गुजरातेत जिला रेंटिया बारस म्हणतात. ती जवळ आली की बडोद्यातील अनेक घरांच्या पोटमाळ्यांवरून चरखे खाली उतरतात आणि या सदराकडे येणारी पत्रेही वाढतात. या वेळच्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय रंगीत सूत हा आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली, ती अशी की ज्याला वाचक रंगाचा दोष समजत आहेत तो बहुतेक वेळा चरख्याचा, नाहीतर पेळूचा, म्हणजे कातण्यासाठी वळलेल्या कापसाच्या वातीचा, दोष असतो. पांढऱ्या सुतात तो लपून राहतो आणि रंग चढताच डोळ्यांना दिसू लागतो.

प्रश्न : आजीचा पेटीचरखा सुमारे वीस वर्षे पोटमाळ्यावर होता. तो पुसून, तेल घालून मी चालू केला आणि देशी कापसाच्या पेळूंपासून चार गुंड्या, म्हणजे चार लडी, सूत कातले. हिरडा आणि तुरटी लावून ते मंजिष्ठेत रंगवले. रंग सुरेख आला, पण एकसारखा आला नाही. कुठे फिकट गुलाबी तर कुठे गडद तांबडा आहे, आणि मधूनमधून राखाडी, काळपट ठिपके आहेत. मंजिष्ठा जुनी होती की माझी कृती चुकली?
— एक वाचक भगिनी, दांडिया बाजार

उत्तर : मंजिष्ठा जुनी असती तर सगळ्याच गुंड्या सारख्या फिकट झाल्या असत्या. आपल्या सुतात दोन निरनिराळे दोष एकत्र आले आहेत, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल.

आधी फिकट-गडद पट्ट्यांविषयी. एक गुंडी उलगडून उजेडात धरा आणि रंग किती अंतराने बदलतो ते पाहा. फिकटपणा फक्त गुंडी बांधलेल्या जागी असेल, तर बांधणीचे दोरे करकचून आवळले गेले होते आणि तेथे पाणी पोहोचले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वेळी चार ठिकाणी इंग्रजी आठाच्या आकाराचा सैल वेढा देऊन बांधावे. रंग दोन-चार मीटरपर्यंत सलग फिकट आणि मग सलग गडद असेल, तर सूत रंगवण्यापूर्वी नीट उकळले गेले नव्हते. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो आणि तो निघाल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. १०० ग्रॅम सुतासाठी साधारण ५ ग्रॅम धुण्याचा सोडा घेऊन भरपूर पाण्यात तासभर मंद उकळावे. पाणी पिवळट तपकिरी होते, ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. नंतर स्वच्छ धुऊन सुताचा एक तुकडा साध्या पाण्यावर टाकून पाहावा. तो लगेच बुडाला तर सूत तयार झाले. तरंगत राहिला तर आणखी उकळायला हवे. बोअरचे जड पाणी असेल तर त्यात साबण फाटतो आणि त्याचा चिकट साका सुतावर बसतो, त्यामुळे अशा घरी साबणाऐवजी नुसता सोडाच वापरणे बरे. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी साठवता आले तर त्याहून उत्तम.

परंतु रंग दर हातभर अंतराने, दोन-अडीच फुटांनी बदलत असेल, आणि आपल्या वर्णनावरून मला तीच शक्यता अधिक वाटते, तर दोष कातण्यातला आहे. आपण एका वेळी जेवढा धागा ओढतो तेवढ्याच लांबीने तो पुन्हा पुन्हा येतो, यावरून तो ओळखावा. जेथे पीळ घट्ट बसला तेथे धागा बारीक आणि कडक होतो, रंगाचे पाणी त्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही. जेथे पीळ कमी पडला तेथे धागा मऊ आणि जाड राहतो आणि रंग भरपूर पितो. धाग्याचा एखादा तुकडा उलटा पिळून उघडून पाहा. आतले तंतू पांढरे असतील तर निदान पक्के.

आता पीळ कमी-जास्त का होतो ते पाहू. नवशिक्या हाताने तो होतोच, पण पेटीचरख्यात त्याचे मोठे कारण माळ, म्हणजे चाकाची गती पुढे नेणारी दोरी, असते. पेटीचरख्यात दोन माळा असतात. एक मोठ्या चाकावरून लहान चाकावर जाते आणि दुसरी, बारीक, लहान चाकावरून चातीवर, म्हणजे धाग्याला पीळ देणाऱ्या सळईवर. वीस वर्षे पडून राहिलेली सुती माळ कडक आणि गुळगुळीत झालेली असते. ती चातीवर घसरते, म्हणजे हाताने चाक तेवढेच फिरवले तरी चाती प्रत्येक वेळी तेवढी फिरत नाही. याची परीक्षा सोपी आहे. चातीच्या टोकाला कागदाची लहान चिंधी चिकटवा, मोठे चाक अगदी हळू एकदाच पूर्ण फिरवा आणि चिंधी किती वेळा फिरली ते मोजा. असे पाच वेळा करा. पाचही वेळा आकडा सारखाच आला तर माळ ठीक आहे. आकडा बदलत राहिला तर माळ बदलावी, केवळ ताण वाढवून भागवू नये, कारण जास्त ताणामुळे चाती आधारांवर दाबली जाते आणि आधार झिजतात.

नवी माळ घट्ट पिळाच्या सुती दोऱ्याची करावी आणि तिच्या सांध्याकडे विशेष लक्ष द्यावे. गाठ मारली की ती चातीवरून जाताना दर फेऱ्याला एक हिसका बसतो आणि त्याच क्षणी पीळ चुकतो. म्हणून दोन्ही टोके उकलून, एकमेकांत गुंफून, बारीक सुईने शिवून घ्यावीत. माळेवर मेणाचा खडा हलका फिरवावा. तरीही ती घसरत असेल तर राळेची चिमूटभर पूड पुरते. नवी माळ पहिले काही दिवस सैल पडत जाते, तेवढे दिवस ताण रोज पाहावा. पावसाळ्यातील दमट हवेत पिळाचा सुती दोरा आखडतो, हेही ध्यानात असू द्यावे. जूनमध्ये बेताने बसवलेली माळ ऑगस्टमध्ये फार ताठ वाटली तर तिचा ताण सैल करावा.

माळेनंतर चाती. ती काढून काचेवर ठेवून लोटावी. सरळ चाती एकसारखी घरंगळते. वाकलेली चाती उड्या मारते आणि काचेच्या व तिच्या मध्ये उजेडाची फट दिसते. वाकलेली चाती लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू, दर दोन टोल्यांनी काचेवर तपासत, सरळ करता येते. लोखंडी हातोडी वापरू नये. माझी पहिली चाती ओट्यावरून पडून वाकली, तेव्हा मी ती घाईने एकाच दणक्यात सरळ करायला गेले आणि तिच्यात दुसरा वाक आणून बसवला. ते काम शांतपणेच करावे लागते.

आता राखाडी ठिपके. हा दोष अधिक बारकाईने समजून घ्यावा, कारण आपण रंगवण्यात काहीही चूक केलेली नसताना तो आला आहे. हिरड्यात भरपूर टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असते आणि टॅनिनला लोखंडाचा स्पर्श झाला की काळा रंग तयार होतो. जुन्या काळची काळी शाई याच तत्त्वावर करीत. आपल्या चातीवर पावसाळ्यातील गंजाचा अगदी पुसट थर असावा. सूत पांढरे असताना तो पिवळसर डागासारखा जेमतेम दिसला असता, पण हिरड्याच्या पाण्यात जाताच तो काळा झाला. चातीला लागून बसणारे सूत म्हणजे प्रत्येक कुकडीची (चातीवर गुंडाळलेल्या सुताची) सुरुवात, म्हणून गुंडीत हे ठिपके सगळीकडे विखुरलेले नसून ठरावीक टापूंतच सापडतील. आपण एकदा खात्री करून घ्यावी.

उपाय पुढच्या सुतासाठी आहे. चाती अगदी बारीक पॉलिश-कागदाने घासून चकचकीत करावी, मशिनच्या तेलाच्या थेंबाने पुसावी, कोरड्या कपड्याने ते तेल पूर्ण काढावे आणि पहिले काही वार टाकाऊ पेळूचे सूत कातून ते फेकून द्यावे. पावसाळ्यात काम संपले की चाती काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. रंगवलेल्या चार गुंड्यांपैकी जिच्यात ठिपके फार आहेत ती लोहाच्या सौम्य पाण्यातून काढली तर मंजिष्ठेचा तांबडा जांभळट तपकिरीकडे झुकेल आणि ठिपके त्यात मिसळून जातील. मात्र लोहाने कापूस कालांतराने कमजोर होतो, त्यामुळे ते सूत रोजच्या वापराच्या कपड्याला न घेता एखाद्या लहान वस्तूला वापरावे.

प्रश्न : चरख्याला घरातले खोबरेल किंवा तिळाचे तेल चालेल का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : खाद्यतेल चालत नाही. हवेत राहून ते चिकट होते, त्यात कापसाची धूळ बसते आणि काही आठवड्यांत चातीभोवती काळा राप जमतो. शिवणयंत्राचे पातळ तेल, एका जागी एकच थेंब, चातीच्या दोन आधारांना आणि दोन्ही चाकांच्या आसांना द्यावे. जुन्या उभ्या चरख्यात चातीचे आधार चामड्याचे असतात. ते सुकून कडक झाले असतील तर त्यांना मात्र एरंडेलाचे एक-दोन थेंब चोळावेत. लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. तो पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे निदान आठवडाभर, चरख्याजवळ पेळू नेऊ नये. दुकानात सुटे भाग मागताना ‘चाती’ हा शब्द कळला नाही तर ‘त्राक’ म्हणावे. गुजरातीत चातीला तेच नाव आहे.

प्रश्न : मी गेले वर्षभर नियमित कातते. सूत रंगवण्याऐवजी आधी कापूसच रंगवून मग तो कातला तर एकाच धाग्यात अनेक रंग आणता येतील, असे वाटते. एकदा प्रयत्न केला, पण रंगवलेला कापूस गोळा होऊन बसला आणि धागा ओढताच तुटू लागला.
— एक वाचक भगिनी, रावपुरा

उत्तर : आपली कल्पना योग्य आहे आणि त्या मार्गाने मिळणारा रंग मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. सूत रंगवले की एकच रंग मिळतो. कापूस रंगवून पिंजला की निळ्याशेजारी निळ्याच्याच तीन छटा उभ्या राहतात आणि कापडाला खोली येते.

कापूस गोळा झाला त्याचे कारण वरच्या उत्तरात आलेले मेणच आहे. रंग धरावा म्हणून ते मेण काढावे लागते आणि धागा सुळकन ओढला जावा म्हणून ते हवे असते. ही अडचण टाळता येत नाही, फक्त सांभाळता येते. म्हणून सुटा कापूस सुतासारखा तासभर खळखळ उकळू नये. पातळ कपड्याच्या सैल पिशवीत भरून, कमी सोड्यात, पाणी फक्त गरम ठेवून भिजवावा. पिशवी दाबून पाणी बाहेर काढावे, पण कापूस कधीही पिळू किंवा चोळू नये, कारण ओल्या तंतूंचे चोळून झालेले गोळे पुढे पिंजणानेही सुटत नाहीत. रंग देतानाही तीच पिशवी राहू द्यावी. सावलीत पूर्ण वाळवावा. बडोद्यात सप्टेंबरमध्ये त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि घाई केली तर पिंजताना ओलसर कापूस पिंजणाच्या तातीला, म्हणजे ताणलेल्या दोरीला, चिकटतो. वाळल्यावर बोटांनी तंतू मोकळे करून मगच पिंजावा.

त्यानंतर नुसत्या रंगीत कापसाचा पेळू करू नये. निम्मा रंगीत आणि निम्मा न रंगवलेला कापूस एकत्र पिंजला तर पांढऱ्या तंतूंवरचे मेण सगळ्यांना आधार देते आणि धागा तुटणे एकदम कमी होते. रंग फिकट होतो, म्हणून मूळ कापूस हवा त्यापेक्षा गडद रंगवावा. दोन रंग मिसळायचे असतील तर शेजारचे रंग घ्यावेत. निळा आणि पिवळा एकत्र पिंजले तर लांबून हिरवे आणि जवळून दोन रंगांचे दिसणारे जिवंत सूत मिळते. तांबडा आणि हिरवा मिसळले तर मात्र दोघेही मरून मातकट करडा रंग उरतो. मिश्रण किती वेळा पिंजायचे हा आवडीचा प्रश्न आहे. एकदा पिंजले तर धाग्यात रंगांच्या रेघा राहतात, तीनदा पिंजले तर एकजीव रंग होतो. मी दोनदा पिंजून थांबते.

पेळूच बदलत बदलत कातायचे असेल, म्हणजे एक निळा, एक पांढरा, एक पिवळा, तर धाग्यावर लांब लांब पट्टे येतात. ते विणल्यावर कोठे पडतील यावर आपला ताबा राहत नाही, म्हणून ते सूत आडव्या बाण्यालाच वापरावे. आणखी एक रीत म्हणजे दोन रंगांचे दोन धागे स्वतंत्र कातून त्यांना एकत्र पीळ देणे. हा दुसरा पीळ नेहमी पहिल्याच्या उलट दिशेने द्यावा. चाक ज्या दिशेने फिरवून कातले त्याच्या विरुद्ध फिरवावे. तसे केले तर दोन्ही धाग्यांचे ताण एकमेकांना सावरतात आणि सूत शांत पडून राहते. त्याच दिशेने पिळले तर ते हातातून सोडताच साखळीसारखे वळून गुंतते.

प्रश्न : निवृत्तीनंतर टकळी आणि चरखा दोन्ही शिकत आहे. औषधाच्या दुकानातला स्वच्छ कापूस आणून पेळू केले, पण दर वितीला धागा तुटतो. हात सुधारेल का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : हात सुधारेल, पण तो कापूस सुधारणार नाही. औषधाच्या दुकानातला कापूस पाणी शोषावे म्हणून उकळून विरंजित केलेला असतो. त्यावरचे मेण पूर्ण गेलेले असते आणि तंतू एकमेकांना रेटून धरतात, सरकत नाहीत. आपण शिकताना जी वस्तू सर्वांत चांगली असायला हवी ती पेळू आहे. चरखा दुय्यम असला तरी चालेल.

या बाबतीत बडोदे संस्थानाचाच एक इतिहास सांगण्यासारखा आहे. १९१७ साली भरूच येथील शिक्षण परिषदेत गांधीजींची गंगाबेन मजमुदार यांच्याशी ओळख झाली. चरखा कोठेच मिळत नव्हता, त्याचा शोध घेण्याचे काम गंगाबेनांनी पत्करले आणि अखेरीस तो त्यांना बडोदे संस्थानातील विजापूर येथे सापडला. तेथील अनेक घरांत चरखे निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकलेले होते आणि पेळूंचा पुरवठा होत राहिला तर कातायला तेथील बायका तयार होत्या. म्हणजे चरखा मिळाल्यावरची पहिली अडचण पेळूचीच आली. सुरुवातीला पेळू उमर सोबानी यांच्या गिरणीतून आले, पण हाताने कातायचे आणि पेळू गिरणीचे घ्यायचे हे गांधीजींना पटेना. मग गंगाबेनांनी एक पिंजारी शोधला, ज्याने महिना निदान ३५ रुपये मागितले. त्या वेळी कोणतीही किंमत जास्त वाटली नाही, असे गांधीजींनी लिहून ठेवले आहे. पिंजलेल्या कापसाचे पेळू करायला मग काही तरुणांना शिकवण्यात आले.

आपणही सरकी काढलेला, पण न धुतलेला कापूस मिळवावा. भरूच-बडोद्याच्या काळ्या जमिनीतील देशी कापसाचा तंतू आखूड असतो, त्याला पीळ जास्त लागतो आणि धागा फार बारीक काढता येत नाही. नवशिक्याने संकरित जातीचा, सुमारे २८ मिलिमीटर तंतूचा कापूस घेतला तर लवकर आत्मविश्वास येतो. पेळू बोटाएवढा जाड, सैल आणि एकसारखा असावा, आणि तो कोरड्या डब्यात न दाबता ठेवावा. मे महिन्यातील कोरड्या दुपारी चांगला पेळूही तुटतो, कारण सुकलेला तंतू ठिसूळ होतो. तेव्हा सकाळी लवकर कातावे.

प्रश्न : हळदीत रंगवलेले सूत दोन महिन्यांत पांढरे पडले. तुरटी वाढवली तर टिकेल का?
— एक वाचक भगिनी, वाडी

उत्तर : नाही. हळद कापसावर तुरटीशिवायही चढते, पण उन्हापुढे टिकत नाही आणि तुरटीने त्यात मोठा फरक पडत नाही. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल घ्यावी. तिच्यात टॅनिन अंगचेच असल्याने हिरड्याची गरज पडत नाही, १०० ग्रॅम सुताला १५ ग्रॅम तुरटी पुरते. सामान बाजारातील गांध्याच्या, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्याच्या, दुकानी मिळते, मात्र तेथे तुरटीला फटकडी, हिरड्याला हरडे आणि मंजिष्ठेला मजीठ म्हणून मागावे. मोरचूद घरच्या रंगकामात वापरू नये. रंगाची भांडी, चमचा आणि गाळणी स्वयंपाकघरातून कायमची वेगळी करावीत.

प्रश्न : माझे सूत किती अंकाचे आहे हे घरी कसे कळेल? विणकर विचारतात आणि मला सांगता येत नाही.
— एक वाचक भगिनी, अलकापुरी

उत्तर : फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळून मोजण्याच्या चौकटीवर, १००० मीटर सूत मोजून एक गुंडी करा आणि ती ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. ५९० या संख्येला आलेल्या वजनाने भागले की अंक मिळतो. गुंडी ५९ ग्रॅम भरली तर सूत १० अंकाचे, साडेएकोणतीस ग्रॅम भरली तर २० अंकाचे. सूत जेवढे बारीक तेवढा अंक मोठा. वजन रंगवण्यापूर्वी, सूत कोरडे असताना करावे, कारण हिरडा आणि तुरटीने वजन वाढते आणि अंक खोटा येतो.

अंक कळला की पिळाचाही अंदाज बांधता येतो. ताण्यासाठी, म्हणजे कापडातील उभ्या धाग्यांसाठी, अंकाच्या वर्गमुळाची साधारण चौपट, एवढे पीळ एका इंचात असावेत, म्हणजे १६ अंकाला १६ आणि २५ अंकाला २०. आखूड तंतूच्या देशी कापसाला यापेक्षा थोडे अधिक द्यावेत. एक इंच धागा दोन चिमटींत धरून उलटा फिरवत मोकळा होईपर्यंत फेरे मोजले की आपला पीळ समजतो. रंगीत सुताच्या बाबतीत हे मोजणे विशेष उपयोगी आहे. एकाच कापडाला लागणाऱ्या सगळ्या गुंड्यांचा अंक आणि पीळ जवळपास सारखे असतील तरच एका पातेल्यातून त्या एका छटेच्या निघतील. प्रत्येक गुंडीला कागदाची चिठ्ठी बांधून तिच्यावर अंक, पीळ आणि कातल्याचा महिना लिहावा, आणि रंगवायला घेताना जवळच्या अंकाच्या गुंड्या एकत्र घ्याव्यात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, म्हणजे पाण्यात शाई उतरून सुताला डाग पडणार नाही.